अफूच्या पेट्या आणि तहाचे कागद

१

‘जागतिकीकरण’ हा शब्द मराठीत येऊन तीसएक वर्षे झाली असतील. १९९१ सालानंतर तो वर्तमानपत्रांतून डोकावू लागला, १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली तेव्हा सभांतून गाजू लागला, आणि आता तो इतका गुळगुळीत झाला आहे की शाळेच्या निबंधस्पर्धेतही मुले तो न अडखळता लिहितात. माझ्या लहानपणी आमच्या बाजूच्या खेड्यांतून ‘डंकेल’ हे नाव एखाद्या साथीच्या रोगासारखे उच्चारले जाई. त्या नावाचा एक जिताजागता गृहस्थ आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले.

या शब्दाभोवती दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. पहिली ही की, ही सारी गोष्ट नवी आहे, कालपरवाची आहे. दुसरी अशी की, राष्ट्राराष्ट्रांमधला व्यापार वाढला म्हणजे त्यांच्यातले वैर आपोआप ओसरते, कारण गिऱ्हाइकाशी भांडायला कोणता दुकानदार धजेल? या समजुतींचा समाचार इतिहासकारांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी आपापल्या परीने घेतला आहेच. मला येथे बोलायचे आहे ते एका कादंबरीकाराने घेतलेल्या समाचाराविषयी. अमिताव घोष यांच्या ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८), ‘रिव्हर ऑफ स्मोक’ (२०११) आणि ‘फ्लड ऑफ फायर’ (२०१५) या तीन कादंबऱ्या ‘आयबिस’ नावाच्या एका जहाजाच्या दोराने एकत्र बांधलेल्या आहेत. घोष यांना २०१८ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. इंग्रजीतून लिहिणाऱ्या लेखकाला तो प्रथमच मिळत होता. पण पुरस्कारामुळे या पुस्तकांकडे वळावे असे नाही. ती पुस्तके आपल्यासमोर एक प्रश्न टाकतात, आणि तो प्रश्न मराठी कादंबरीकाराने टाळू नये असा आहे. दोन देशांमधला व्यापार, त्यांचे करार आणि त्यांची युद्धे ही कादंबरीची सामग्री होऊ शकते काय? आणि होत असेल तर माणूस त्यात शिल्लक राहतो काय?

२

कथेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे भाग आहे. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता, पण चीनला इंग्रजांचे फारसे काही नको होते. चहाच्या मोबदल्यात चांदी किती दिवस मोजायची? यावर कंपनीने शोधलेला तोडगा म्हणजे हिंदुस्थानची अफू. वॉरन हेस्टिंग्जने १७७३ साली बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता कंपनीकडे घेतला. पाटणा आणि गाझीपूर येथे कारखाने उभे राहिले. कंपनी स्वतः मात्र चीनमध्ये एक पेटीही विकत नसे. ती कलकत्त्यास लिलाव पुकारी. पुढे व्यापाऱ्याने पेट्या कुठे नेल्या याच्याशी जणू तिचा संबंधच नाही! चीनने अफूवर बंदी घातलेली होती. १८३९ साली बादशहाने लिन झेशू या अधिकाऱ्याला कँटनला पाठविले. त्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांवर पेट्या ताब्यात घेतल्या आणि हूमेन येथे सर्वांदेखत नष्ट केल्या. त्यावरून युद्ध पेटले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. हाँगकाँग इंग्रजांकडे गेले, पाच बंदरे खुली झाली, आणि चीनवर २ कोटी १० लाख डॉलरांचा दंड बसला. त्यांपैकी ६० लाख नष्ट केलेल्या अफूचे होते. अफूच्या व्यापाराला परवानगी असे या तहात कोठेही लिहिलेले नाही. तिची किंमत तेवढी वसूल केलेली आहे.

हा तह ज्या युद्धनौकेवर झाला, तिचे नाव ‘कॉर्नवॉलिस’. ती सागवानाची होती आणि १८१३ साली मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली बांधली गेली होती. म्हणजे चीनच्या त्या मानभंगाच्या कागदावर सह्या झाल्या त्या मुंबईच्या कारागिरांनी तासलेल्या फळ्यांवर. अशी माहिती इतिहासाच्या पुस्तकात तळटीप म्हणून येते. कादंबरीकाराला मात्र तीत सबंध प्रकरण दिसते.

सातवी-आठवीच्या वर्गावर हा धडा मी पुष्कळदा शिकवला आहे. चीनने बंदी घातली, इंग्रजांनी युद्ध केले, हाँगकाँग गेले, अशा तीन वाक्यांत तो आटोपतो. एकदा एका मुलाने विचारले, “गुरुजी, पण ती अफू पिकवली कोणी?” या एका प्रश्नात घोष यांच्या पहिल्या कादंबरीचे सारे बीज आहे.

३

‘सी ऑफ पॉपीज’ १८३८ सालच्या वसंतात, गंगेकाठी गाझीपूरजवळच्या एका खेड्यात सुरू होते. दीती ही तिथली शेतकरी स्त्री. तिने समुद्र कधी पाहिलेला नाही, आणि तिला एका उंच डोलकाठ्यांच्या जहाजाचे दर्शन होते. तिचा नवरा हुकुमसिंग हा लढाईत अधू झालेला शिपाई. तो गाझीपूरच्या कारखान्यात कामाला आहे आणि स्वतः अफूच्या आहारी गेलेला आहे. कथानक सांगत बसण्याची ही जागा नव्हे. परंतु घोष यांची खरी ताकद कोठे आहे ते दाखविण्यासाठी दोन तपशील सांगतो.

दीतीच्या घराचे छप्पर शाकारायला झाले आहे, आणि शाकारायला काड नाही. का नाही? कारण आसपास सर्वत्र अफू पेरलेली आहे. गहू कोणी पेरीत नाही, आणि गहू नाही तर काड कोठून येणार? कंपनीचे लोक आगाऊ उचल शेतकऱ्याच्या गळ्यात मारतात, अंगठा घेतात, आणि मग त्याच्या शेतात काय पेरायचे हे कलकत्ता ठरविते. लंडनच्या चहाच्या पेल्यापासून दीतीच्या गळक्या छपरापर्यंतची ही सबंध साखळी लेखकाने एकाही आकड्याशिवाय, केवळ एका काडाच्या पेंढीवर तोलून धरली आहे. दुसरा तपशील कारखान्याच्या परिसरातला. तिथल्या हवेत अफूची इतकी भुकटी उडते की माणसांना आणि बैलांनाही शिंका येतात, आणि गटाराचे पाणी पिणारी माकडे दिवसभर पेंगत असतात. या माकडांना आंतरराष्ट्रीय व्यापाराची काय कल्पना असणार! पण त्याची सुस्ती त्यांच्या अंगात पूर्ण भिनली आहे.

समाजशास्त्र आणि कादंबरी यांतली सीमा मला येथे दिसते. समाजशास्त्र ‘परिणाम’ सांगते. कादंबरी तो परिणाम ज्याच्या अंगावर कोसळतो त्याला समोर उभे करते, आणि तरीही त्याला केवळ बळी करून टाकीत नाही. दीती ही नुसती गांजलेली नाही. ती हुशार आहे, प्रसंगी क्रूर आहे. सासूच्या खाण्यात हळूहळू अफू कालवून तिच्याकडून सत्य काढून घेण्याइतकी कावेबाज आहे. व्यापाराचे हत्यार तिच्याही हाताला लागलेले आहे, आणि ते वापरायला ती कचरत नाही.

याच कादंबरीत बर्नहॅम नावाचा इंग्रज व्यापारी आहे. त्याचे जेवणाच्या टेबलावरचे बोलणे वाचताना मला पुन्हा पुन्हा आजची वर्तमानपत्रे आठवत होती. मुक्त व्यापार आणि ख्रिस्ताचा धर्म यांत तो फरकच करीत नाही. हे लेखकाच्या पदरचे अतिशयोक्त विडंबन असावे असे वाटेल. पण पुढे हाँगकाँगचा गव्हर्नर झालेला जॉन बोअरिंग याच अर्थाचे बोलल्याचे प्रसिद्ध आहे, आणि त्याच्याच अमदानीत, १८५६ साली, चीनशी दुसरे युद्ध सुरू झाले. घोष बर्नहॅमला खोटे बोलायला लावीत नाहीत. तो जे बोलतो त्यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच तो भयंकर आहे.

हा ‘मुक्त’ शब्द जरा तपासून पाहा. दीतीला काय पेरावे याची मोकळीक नाही. कँटनच्या बंदराला काय घ्यावे याची मोकळीक नाही. मोकळीक आहे ती मधल्या टप्प्याला, लिलाव ते जहाज एवढ्याच पल्ल्याला. साखळीच्या एका टोकाला उचलीचा अंगठा, दुसऱ्या टोकाला तोफ, आणि मधल्या काही कड्यांना ‘मुक्त व्यापार’ हे नाव! तिन्ही कादंबऱ्यांचा मिळून हा एकच सिद्धान्त आहे असे म्हटले तरी चालेल. तो लेखक कोठेही सिद्धान्त म्हणून सांगत नाही, हा त्याचा मोठेपणा.

४

या पुस्तकांच्या भाषेविषयी चार शब्द लिहिलेच पाहिजेत. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शब्दकोश उशाशी घेऊन मी हे वाचन केले. परंतु ज्या शब्दांनी इंग्रज वाचकाची दमछाक होत असेल ते शब्द मला कोशात पाहावे लागले नाहीत. सारंग, तांडेल, सुकाणी, तमाशा हे शब्द इंग्रजी वाक्यांतून असे काही फिरत असतात की जणू आपल्याच आळीतली माणसे परक्या शहरात भेटावीत. कोकणपट्टीवरच्या वाचकाला तांडेल कोण हे काय सांगायला हवे? जहाजावर चिनी, मलबारी, बंगाली, अरब, गोवेकर असे खलाशी एकत्र येत, आणि त्यांच्या तोंडी एक भेसळीची भाषा तयार होई. ती भाषा कोणत्याही सरकारने ठरविलेली नव्हती. राष्ट्रांचे संबंध म्हणजे वकिलातींतले खलिते असे आपण समजतो. पण दोरखंड ओढताना एकाने दुसऱ्याचा शब्द उचलला, हाही आंतरराष्ट्रीय संबंधच आहे, आणि तहापेक्षा तो अधिक टिकतो. जागतिकीकरणाची ही दुसरी, सुखाची बाजू घोष यांनी भाषेतूनच दाखविली आहे. हे सुख आणि ते दुःख एकाच जहाजावर आहे, आणि ते जहाज आधी गुलाम वाहून नेणारे होते, याचा विसर ते आपल्याला पडू देत नाहीत.

५

माझ्या मते या तिन्हींत सर्वांत सरस कादंबरी ‘रिव्हर ऑफ स्मोक’, आणि तिचे कारण बहराम मोदी. नवसारीच्या पडत्या घरातला हा मुलगा मुंबईच्या धनाढ्य मिस्त्री कुटुंबाचा जावई होतो. घरात त्याला दुय्यम स्थान आहे. कँटनमध्ये मात्र तो सन्मान्य शेठजी आहे. तिथे त्याची एक चिनी स्त्री आहे, मुलगा आहे. आपल्या नोकरांवर त्याची माया आहे, मित्रांशी तो दिलदार आहे, खाण्यापिण्याचा शौकीन आहे. आणि त्याच्या ‘अनाहिता’ या जहाजाच्या पोटात त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा अफूचा माल भरलेला आहे.

बहराम वाईट माणूस नाही, हेच वाचकाला अस्वस्थ करते. व्यापाऱ्यांच्या मंडळात तो एकटाच हिंदी आहे. इंग्रज व्यापाऱ्यांना तोफांचा आधार आहे. याच्यामागे कोण आहे? अफू विकणे पाप आहे असे सांगणारा चार्ल्स किंग हा अमेरिकन व्यापारी (हा इतिहासातला खरा माणूस) त्याच्यासमोर बसलेला आहे. बहरामला त्याचे पटतेही. पण कर्ज आहे, सासरच्यांची टोचणी आहे, आणि मुंबईत ज्यांनी त्याच्या शब्दावर पैसे गुंतविले त्यांची घरे आहेत. शेवटी माल जातो तो जातोच, आणि बहराम अफूच्या धुंदीत पाण्यात उतरतो. साम्राज्याच्या खेळात दलालाचे काय होते ते याहून नेमके मी कोठे वाचलेले नाही. फायद्याच्या वेळी तो भागीदार असतो; तोट्याच्या वेळी तो परका असतो.

मुंबईकर वाचकाला येथे थांबून विचार करावा लागेल. चीनच्या व्यापारात मिळालेल्या पैशातून या शहरात रुग्णालये, शाळा, पूल, धर्मशाळा उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभॉय यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या संपत्तीत अफूचा वाटा मोठा होता, आणि त्यांच्या दातृत्वाने लाखो गरिबांचे प्राण वाचले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी खोडता येत नाही. इतिहास लिहिणारा त्यांची दोन खाती मांडू शकतो. कादंबरीकाराला मात्र एकाच छातीत दोन्ही धडकताना दाखवावी लागतात, आणि बहरामच्या रूपाने घोष यांनी ते केले आहे.

६

आता उणिवा. थोर म्हणविल्या जाणाऱ्या पुस्तकाच्या उणिवा सांगताना आपल्याकडे एकतर माफी मागतात किंवा दात काढतात. दोहोंचे कारण नाही.

पहिली उणीव योगायोगांची. कैदखान्यात नील हलदर या पदच्युत जमीनदाराला भेटणारा कैदी बहरामचाच मुलगा निघतो. पुढे नील बहरामचाच मुनशी होतो. चीनवर चालून जाणाऱ्या पलटणीतला हवालदार केसरीसिंग दीतीचाच भाऊ असतो. काही प्रमाणात हे क्षम्य आहे, कारण जगभरच्या माणसांना एका दोरीत ओवणे हा व्यापाराचाच उद्योग आहे. पण तिसऱ्या पुस्तकापर्यंत जग मोठे होण्याऐवजी लहान होत जाते, एखाद्या नाटक कंपनीसारखे. तीच पंधरावीस माणसे पोशाख बदलून पुन्हा येतात.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. झॅकरी रीड हा दासीच्या पोटी जन्मलेला, गोरा म्हणून खपणारा अमेरिकन तरुण पहिल्या पुस्तकात आपले मन जिंकतो. ‘फ्लड ऑफ फायर’मध्ये तो लोभी अफूविक्या होतो. असे होऊ शकते. किंबहुना व्हायलाच हवे, कारण ही व्यवस्था माणसे अशीच घडविते. पण बहरामची घसरण आपल्याला आतून दिसते, तर झॅकरीची आपल्याला बाहेरून, लेखकाच्या कुत्सित हास्यासकट दाखविली जाते. बर्नहॅमच्या बायकोबरोबरच्या त्याच्या शृंगाराची प्रकरणे प्रहसनाच्या पातळीवर उतरतात. लेखकाने पात्रावर प्रेम करायचे सोडले की पात्र उदाहरण बनते.

तिसरी उणीव मला सर्वांत जास्त खुपली. दीती कोठे गेली? दुसऱ्या कादंबरीच्या आरंभी ती मॉरिशसमधली वृद्ध कुलमाता म्हणून दिसते, आणि मग नाहीशी होते. ज्या बाईच्या छपरापासून सुरुवात झाली तिला कँटनच्या खलबतखान्यात जागा नसणे स्वाभाविक आहे. पण तिच्या जागी दुसरी कोणी दीतीही येत नाही. बहरामच्या जहाजात माळव्याची अफू आहे. ती पिकवली कोणी? माळवा म्हणजे मुख्यतः शिंदे-होळकरांचा मुलूख. तेथे कंपनीचा मक्ता चालत नव्हता. शेतकरी, सावकार, मारवाडी-गुजराती व्यापारी अशी निराळीच साखळी होती, आणि माल कधी दमणच्या पोर्तुगीज बंदरातून तर कधी कराचीकडून बाहेर पडत असे. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतल्यावर ती वाट बुजली आणि मुंबई हीच मुख्य वाट राहिली. पूर्वेची दीती आणि पश्चिमेचा तिचा जातभाई यांच्या नशिबांत मोठा फरक होता. हे स्वतः घोष यांनीच २०२३ सालच्या ‘स्मोक अँड अ‍ॅशेस’ या ग्रंथात मांडले आहे. कादंबरीत सुटलेले त्यांना निबंधात भरावे लागले, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

७

‘मग कादंबरीत सगळेच यावे काय? कादंबरी म्हणजे व्यापाराचा इतिहास आहे काय?’ असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा आपल्याकडचा जुना वाद येथे पुन्हा उकरायची गरज नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, माणसाच्या जीवनावर जी शक्ती प्रत्यक्ष अंमल चालविते, ती कादंबरीत कोठेतरी जाणवली पाहिजे. पूर्वी ती दैव म्हणून जाणवे, पुढे रूढी म्हणून जाणवू लागली. आज ती पुष्कळदा भाव म्हणून येते.

महात्मा फुल्यांना हे फार पूर्वी दिसले होते. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, १८८३ साली, विलायती यंत्रांच्या मालाने इथले कोष्टी-साळी कसे कंगाल झाले हे ते सांगतात. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने विदर्भातल्या शेतकऱ्याचे घर आतून बाहेरून उजळून दाखविले, आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला तो योग्यच होता. तिचा प्रांत घराचा आहे, आणि तो तिने पूर्ण जिंकला आहे. पण तिथून पुढची वाट, आडत दुकानापासून बंदरापर्यंत आणि बंदरापासून परक्या देशाच्या मंत्रालयापर्यंतची, आमच्या कादंबरीने अजून नीट तुडविलेली नाही. आमचा व्यापारी बहुधा मापात मारणारा शेटजी असतो. त्याच्यावर कोण मारतो आहे, हे आम्ही विचारीत नाही.

सामग्री नाही असे कोण म्हणेल? १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिथला कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळविले, आणि इथे पैशाचा पूर आला. सावकारांचे हात सैल झाले, शेअरबाजार वेडावला. १८६५ साली तिकडे युद्ध संपले आणि इकडे पेढ्या बुडाल्या. दहा वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या दंग्यांत या तेजीमंदीचा वाटा किती, वाढीव सारा किती आणि जुने कर्ज किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता आणि सुप्याच्या बाजारातली होळी यांच्यामध्ये ताणलेला एक अदृश्य धागा आहे, एवढे तरी कादंबरीकाराला खुणावण्यास पुरेसे नाही काय?

८

व्यापाराने वैर ओसरते काय, या आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. चीन २००१ साली जागतिक व्यापार संघटनेत आला, तेव्हा पुष्कळांना वाटले की आता देवघेव वाढेल आणि तेढ निवळेल. देवघेव वाढली. २०१८ पासून अमेरिकेने चिनी मालावर जकातींमागून जकाती लादल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी एक जकात बसविताना अमेरिकेने जे कारण दिले ते होते फेन्टानिल नावाच्या मादक द्रव्याचे. १८३९ साली एका देशाने मादक द्रव्य अडविले म्हणून त्याच्यावर व्यापारस्वातंत्र्याच्या नावाने तोफा डागल्या गेल्या. २०२५ साली मादक द्रव्य अडविण्याच्या नावाने त्याच देशाच्या व्यापारावर बंधने आली. दोन्ही प्रसंग सारखे नाहीत, आणि तसे भासविणे लबाडीचे होईल. पण आपण अफूचे युद्ध विसरलो असलो तरी चीन ते विसरलेला नाही. तिथल्या मुलांना मानहानीचे शतक तेथून मोजायला शिकवितात. हाँगकाँग १९९७ साली परत मिळाले, पण मिळाल्याने आठवण पुसली जात नाही. वाटाघाटींच्या टेबलाशी समोरचा माणूस कोणती आठवण घेऊन बसला आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला जकातीचे आकडे कितीही पाठ असले तरी काय उपयोग?

घोष यांच्या या तीन कादंबऱ्या निर्दोष नाहीत. तिसरी तर मधूनमधून चक्क निराशा करते. तरीही त्यांनी केलेले काम मोठे आहे. तहाच्या कागदावर ज्यांच्या सह्या नसतात, पण ज्यांच्या शेतातून, पाठीवरून आणि पोटातून तो तह जातो, त्यांची नावे त्यांनी लिहून काढली आहेत. गाझीपूरचा तो कारखाना आजही सरकारी देखरेखीखाली औषधांसाठी अफू शुद्ध करतो आहे. इमारती टिकतात, कागदही दप्तरांतून टिकतात. छपराला काड नसलेली बाई मात्र कोणीतरी लिहिली तरच टिकते. मराठीत ती लिहिली जावी, आणि ती लिहिणाऱ्याने बांधावर उभे राहून समुद्राकडेही एकदा पाहावे, एवढीच इच्छा आहे.